वहीत 4 अंश, चिलरमध्ये 11

प्रश्न : नागपुरातील एका साखळी फास्ट फूड रेस्टॉरंटमध्ये शिफ्ट सुपरवायझर असलेल्या 26 वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून ते थोडक्यात देत आहोत. "आमच्या स्वयंपाकघरातला चिलर मार्चपासून नीट थंड होत नाही. दुपारी त्याचे तापमान 10-11 अंशांवर जाते. कॉम्प्रेसरचे काम दिवाळीनंतर पाहू, असे मालकांनी सांगितले आहे. तापमानाची वही आम्ही 18 दिवस भरलीच नव्हती. एप्रिलमध्ये तपासणी होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मॅनेजरांनी आदल्या रात्री ती वही मला एका बैठकीत भरायला लावली. मी प्रत्येक ओळीत 3 किंवा 4 अंश लिहिले आणि सही केली. सकाळी चिलरमध्ये बर्फाच्या लाद्या ठेवल्या होत्या. तपासणी समाधानकारक ठरली. आता वही रोजच 'व्यवस्थित' ठेवायला सांगतात. माझे वडील मेडिकल रुग्णालयात भरती होते तेव्हा हेच मॅनेजर माझ्या पाठीशी उभे राहिले. घर माझ्या पगारावर चालते. सहकारी म्हणतात, अजून कोणी आजारी पडलेले नाही, सगळे तळूनच देतो, आणि अशा वह्या सगळीकडे भरतात. तरी मला झोप लागत नाही. सही माझीच असल्यामुळे तक्रार करण्याचा हक्क मला उरला आहे का? गप्प राहू की नोकरी सोडू?"

उत्तर :

तुम्ही स्वतःपुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत, गप्प राहणे किंवा नोकरी सोडणे. या दोन्हींपैकी कोणतीही वाट धरली, तरी तो चिलर 11 अंशांवरच राहतो. तुम्ही गप्प राहिलात तर तुमच्या सहीने राहतो आणि तुम्ही गेलात तर तुमच्या जागी येणाऱ्या मुलीच्या सहीने राहतो. म्हणून हा प्रश्न आधी नोकरीचा किंवा सदसद्विवेकाचा न मानता चिलरचा मानावा, असे मी तुम्हाला सुचवेन. तसे पाहिले की आणखी बऱ्याच वाटा दिसू लागतात आणि त्यांतल्या पहिल्या दोन-तीन वाटा नोकरीत राहूनच चालता येतात.

त्याआधी तुमच्या सहकाऱ्यांची तीन विधाने तपासून घेऊ, कारण तुम्हीही ती अर्धीमुर्धी खरी मानली आहेत, असे पत्रावरून जाणवते.

"कोणी आजारी पडलेले नाही" हे तुमच्यापैकी कोणाला कसे कळणार? साल्मोनेला या जंतूमुळे होणारा पोटाचा त्रास बहुतेक वेळा खाल्ल्यानंतर 6 तासांपासून 3 दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होतो. शनिवारी संध्याकाळी फुटाळा तलावावरून फिरून आलेले कुटुंब तुमच्याकडे बर्गर खाऊन जाते आणि सोमवारी पहाटे त्यांच्या मुलाला जुलाब सुरू होतात. त्या घरी रविवारच्या लग्नातल्या जेवणावर, नळाच्या पाण्यावर किंवा उन्हावर संशय घेतला जातो. तुमच्या काउंटरवर परत येऊन कोणी सांगत नाही. तक्रार आली नाही एवढेच तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्यावरून कोणाला त्रास झालाच नाही असे ठरत नाही.

"सगळे तळूनच देतो" या विधानात थोडे तथ्य आहे. मांसाच्या गाभ्यात 75 अंश तापमान किमान 15 सेकंद टिकले, तर साल्मोनेलासारखे जंतू मरतात, आणि भारतीय नियमांतही हा आकडा दिलेला आहे. मात्र स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू अन्नात वाढताना जे विष सोडतो, ते उष्णतेला सहजासहजी दाद देत नाही. म्हणजे जंतू फ्रायरमध्ये मेला, तरी त्याने आधी तयार केलेले विष अन्नात राहू शकते. शिवाय तुमच्या चिलरमध्ये फक्त चिकन नसते. मेयोनीज, सॉस, चिरलेला कांदा आणि लेट्यूस यांतले काहीच फ्रायरमध्ये जात नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये बंदी घातली, ती याच प्रकारच्या काळजीपोटी. थंड अन्न 5 अंशांवर किंवा त्याखाली आणि गरम अन्न 60 अंशांवर किंवा त्याहून वर ठेवायचे, हा नियम आहे, कारण मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जंतूंची संख्या दर 20 मिनिटांनी दुप्पट होते. आपल्या शहरात हा पट्टा पुस्तकातला राहत नाही. 23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दुपारी फ्रायरशेजारी उभ्या असलेल्या, दर पाच मिनिटांनी दार उघडले जाणाऱ्या चिलरवर किती ताण येतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

राहिले तिसरे विधान, "सगळीकडे असेच करतात". हे खरे असले तरी त्याने धोका कमी होत नाही. अमेरिकेतील जॅक इन द बॉक्स या साखळीचे 1993 मधले प्रकरण या व्यवसायातल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावे असे आहे. वॉशिंग्टन राज्याने हॅम्बर्गरच्या मांसासाठी 155 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 68 अंश सेल्सिअस तापमान ठरवून दिले होते, आणि साखळी मात्र जुन्याच 140 अंश फॅरनहाइटवर चालत राहिली. 700 हून अधिक लोक आजारी पडले आणि 4 मुले दगावली. फरक होता 15 अंश फॅरनहाइटचा, आणि रोजच्या कामात तो कोणाच्याही नजरेत भरण्यासारखा नव्हता. इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्याकडे सकाळी तर्री-पोहे विकणाऱ्या गाडीवर तापमानाची वही नसते, पण तिथली तर्री सतत उकळत असते आणि माल दहा वाजेपर्यंत संपतो. तुमच्या स्वयंपाकघरात अन्न तासन्‌तास वाट पाहत पडून असते. वहीची गरज दुकान मोठे की लहान यावरून ठरत नसून अन्न किती वेळ थांबून राहते यावरून ठरते.

आता त्या वहीविषयी. ती तपासणीसाठी असते, असे तुमच्या रेस्टॉरंटमध्ये सगळ्यांनीच गृहीत धरलेले दिसते. अन्न सुरक्षा अधिकारी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येतो. खानपान व्यवसायासाठीची त्याची तपासणी सूची 114 गुणांची असते, आणि तिच्यातल्या तारांकित मुद्द्यांपैकी एखाद्यात उणीव आढळली, तर बाकी गुण चांगले असूनही आस्थापना नियमबाह्य ठरू शकते. पण त्याचा अहवाल हे त्या काही तासांचे चित्र असते. उरलेल्या सगळ्या दिवसांत त्या स्वयंपाकघरात काय चालले होते, याची आठवण फक्त रोजच्या वहीत राहते. सकाळच्या शिफ्टने 5 अंश लिहिले, दुपारच्या शिफ्टने 9 आणि संध्याकाळच्या शिफ्टने 11, तर तीन वेगवेगळ्या माणसांना जे एकेकट्याने कळले नसते, ते त्या तीन ओळी एकत्र वाचल्यावर कळते : चिलर सकाळी ठीक असतो आणि दुपारचा ताण त्याला पेलत नाही. दुरुस्त करणाऱ्या माणसालाही नेमका हाच तपशील हवा असतो.

तुमची वही मात्र मार्चपासून हे यंत्र उत्तम चालले आहे असे सांगते आहे. मग मालकाने दिवाळीआधी पैसे का काढावेत? त्याच्यापुढचा एकमेव लेखी पुरावा चिलर धडधाकट असल्याचाच आहे. दुरुस्ती होत नाही म्हणून वही खोटी भरावी लागते, असे तुम्हाला वाटते. पण वही खोटी भरली जाते म्हणूनही दुरुस्ती होत नाही, आणि माझ्या मते ही दुसरी बाजू अधिक जड आहे.

याच कारणाने तुमच्या मॅनेजरांकडेही थोडे वेगळ्या नजरेने पाहावे, असे मला वाटते. त्यांनी कठीण काळात तुम्हाला आधार दिला आणि त्याची जाण ठेवणे योग्यच आहे. मात्र उपकाराची परतफेड तुम्हाला तुमच्या सहीने करायला लावणे योग्य नव्हते, आणि हे त्यांनाही आतून कळत असावे. ते मालक आणि चिलर यांच्यामध्ये अडकलेले पगारी माणूस आहेत. मालकाशी तोंडी वाद घालून त्यांच्या पदरात काही पडलेले नाही. त्यांच्या हातात सलग दहा दिवसांचे खरे आकडे आणि टाकून दिलेल्या मालाची किंमत आली, तर त्यांना मालकापुढे ठेवायला काहीतरी मिळेल. तुमची खरी नोंद त्यांच्याविरुद्धच जाईल, हे तुम्ही गृहीत धरले आहे. ती त्यांच्या उपयोगीही पडू शकते, आणि तशी संधी त्यांना एकदा द्यावी.

कायद्याची बाजू तुम्हाला स्पष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण तुमच्या भीतीचा मोठा भाग तिथे आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 सालचा असून तो 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. त्याच्या कलम 61 नुसार खोटी असल्याचे माहीत असूनही माहिती किंवा दस्तऐवज सादर करणे हा गुन्हा आहे. म्हणजे त्या 18 ओळी किरकोळ नाहीत, आणि हे तुमच्यापासून लपवून तुमचे भले होणार नाही. त्याचबरोबर कलम 66 नुसार कंपनीच्या गुन्ह्यासाठी त्या व्यवसायाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे किंवा ज्याला लेखी नामनिर्देशित केले आहे, त्याला आधी जबाबदार धरले जाते. हे नामनिर्देशन 'नमुना 9' या अर्जावर होते. परवान्याच्या कागदपत्रांत त्या अर्जावर कोणाचे नाव आहे, हे या आठवड्यात जरूर पाहा. सुपरवायझरची सही घेऊन तिचेच नाव तिथे टाकलेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तसे असेल तर तुमचे स्थान बदलते आणि वकिलाचा सल्ला तातडीने घ्यायला हवा.

याच कायद्याच्या कलम 80 मध्ये योग्य ती सर्व दक्षता घेतल्याचा बचाव मान्य केलेला आहे. हा बचाव कशाच्या आधारे करता येतो? आपण वेळोवेळी तपासले, बिघाड आढळला, तो लिहिला, माल बाजूला काढला आणि वरिष्ठांना कळवले, हे दाखवणाऱ्या नोंदींच्या आधारे. ज्या वहीत 11 अंश आणि त्यापुढे केलेली कृती लिहिलेली आहे, ती वही तुमचे रक्षण करते. ज्या वहीत महिनोन्‌महिने एकसारखे 4 अंश आहेत, तीही एकाच पेनाने लिहिलेले, ती अनुभवी अधिकाऱ्याला पहिल्याच पानावर खटकते. शिवाय त्रुटी सापडली म्हणजे लगेच टाळे लागते, असेही नाही. कलम 32 खाली आधी सुधारणा नोटीस दिली जाते आणि तीत किमान 14 दिवसांची मुदत असते. ती पाळली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो. कॉम्प्रेसरच्या कामाला 14 दिवस पुरतात. ज्या गोष्टीच्या धाकाने तुम्ही त्या रात्री वही भरलीत, ती गोष्ट प्रत्यक्षात कदाचित दुरुस्तीची सक्ती एवढीच ठरली असती.

तर उद्यापासून काय करावे? खोटा आकडा लिहिणे आजच थांबवा, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागू नका. प्रोब थर्मामीटर, म्हणजे अन्नात खुपसून तापमान मोजायचे साधन, बर्फ घातलेल्या पाण्यात धरून 0 अंश दाखवतो का, हे आधी पाहून घ्या, म्हणजे "तुझे थर्मामीटरच चुकीचे आहे" या उत्तराला जागा राहणार नाही. दिसेल तो आकडा, दिसेल त्या वेळेसह, त्याच क्षणी लिहा. दोन तासांहून अधिक वेळ 5 अंशांच्या वर राहिलेला माल टाकून द्या आणि किती टाकला ते लिहा. त्याच दिवशी मॅनेजरांना एक संदेश पाठवा. त्यात आरोप नको, आधीच्या प्रकाराचा उल्लेख नको, फक्त घडलेले असावे. उदाहरणार्थ : "आज चिलरचे तापमान सकाळी 9 वाजता 5, दुपारी 1 वाजता 9 आणि 3 वाजता 11 अंश होते. मेयोनीज, कापलेल्या भाज्या आणि मॅरिनेट केलेले चिकन टाकून दिले असून त्याचे वजन वहीत लिहिले आहे. दुरुस्ती होईपर्यंत हा चिलर दुपारी वापरणे मला सुरक्षित वाटत नाही. काय करावे ते लेखी कळवावे." संदेश पाठवण्याआधी त्यांना बाजूला घेऊन सांगा की आजपासून मी खरेच आकडे लिहिणार आहे. ज्या माणसाने तुम्हाला आधार दिला, त्याला हे वहीतून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळावे.

वाट पाहण्याची मुदत आधीच ठरवून ठेवा. माझ्या मते एक आठवडा पुरेसा आहे, आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक थांबणे मला योग्य वाटत नाही. उत्तर आले नाही, किंवा पुन्हा वही 'व्यवस्थित' करण्याचा आग्रह झाला, तर साखळीच्या मूळ कंपनीच्या गुणवत्ता विभागाला लिहा. फ्रँचायझीचा, म्हणजे साखळीच्या नावाने चालणाऱ्या एका शाखेचा मालक हा शेवटचा शब्द नसतो. स्वतःच्या नावाला डाग लागू नये, याची काळजी त्या कंपनीला त्याच्यापेक्षा जास्त असते. तिथूनही काही हालचाल झाली नाही, तर अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात जाता येते, प्रशासनाच्या 1800222365 या निःशुल्क क्रमांकावर किंवा केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) 1800112100 या क्रमांकावर कळवता येते, आणि 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवरही तक्रार नोंदवता येते. नाव गुप्त ठेवण्याची विनंती लेखी करा. तरीही एवढ्या लहान स्वयंपाकघरात कोणी कळवले याचा अंदाज बांधला जातो, हे धरूनच पाऊल टाका. चिलरचे चित्रीकरण करून समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह मात्र टाळा. त्यात तुमचे सहकारी दिसतील, बदनामीचा वाद उभा राहील आणि चिलर मागे पडेल.

राहिल्या त्या 18 ओळी. त्या फाडू नका, खोडू नका, त्यांच्या जागी 'खऱ्या' वाटणाऱ्या नव्या ओळी लिहू नका. तारीख टाकून, ते काय आणि कोणाच्या सांगण्यावरून झाले, हे आठवत असेपर्यंत घरच्या एका कागदावर लिहून ठेवा. प्रशासनाकडे जाण्याआधी वकिलाशी बोला, आणि त्यासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट जाता येते, आणि 15100 हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

सही माझी असल्यामुळे हक्क उरला का, असे तुम्ही विचारले आहे. त्या रात्री वरिष्ठाने समोर बसवून वही भरून घेतली, आणि ती चूक तुमच्याकडूनही झाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पण तुमच्या सहीने ग्राहकांचा सुरक्षित अन्नावरचा हक्क नाहीसा झालेला नाही, आणि तो तुमच्यामार्फत मांडला जाण्यात तुमची चूक आड येत नाही. उलट त्या चिलरचे खरे तापमान ज्यांना माहीत आहे अशा मोजक्या माणसांपैकी तुम्ही एक आहात. नोकरी जाण्याची भीती मी हलकी मानत नाही. म्हणूनच, सगळे शांतपणे चालले असले तरी, दुसरीकडे अर्ज करायला आत्ताच सुरुवात करा. खरी वही ठेवता येणारी सुपरवायझर हवी असलेली स्वयंपाकघरे या शहरात आहेत, आणि मुलाखतीत तापमानाच्या नोंदी कशा ठेवता हे विचारणारा मालक भेटला, तर तिथे काम करण्याचा जरूर विचार करा.

अशाच जागी काम करणाऱ्या इतरांसाठी थोडेसे. तळणीच्या तेलाची वही असो, जिच्यात ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या घटकांचे, प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, किंवा कर्मचाऱ्यांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीची आणि आतड्यांच्या रोगांविरुद्धच्या लसीकरणाची नोंद असो, वर जे लिहिले ते त्यांनाही लागू आहे. कोरी राहिलेली ओळ कोरीच ठेवा आणि "नोंद घेतली नाही" असे लिहून त्या दिवसाची तारीख टाका. ग्राहकांनी एवढे लक्षात ठेवावे की बिलावर छापलेला 14 अंकी क्रमांक हा परवाना किंवा नोंदणी असल्याचा पुरावा आहे, काल तिथला चिलर किती अंशांवर होता याचा नव्हे. तपासणीचा अहवाल पाहायचा असेल तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून, 150 शब्दांच्या आत, त्या आस्थापनेच्या गेल्या वर्षभरातील तपासणी अहवालांची आणि सुधारणा नोटिसांची प्रत मागता येते. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. आस्थापनेचे म्हणणे मागवावे लागले तर थोडा अधिक वेळ लागतो.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले मानले जाणारे नऊ दिवस, 25 मेच्या सुमारास सुरू होतो. त्याआधी तुमच्या वहीत निदान एक आठवडा खऱ्या आकड्यांचा भरलेला असावा, आणि त्याची सुरुवात उद्या दुपारी 3 वाजताच्या ओळीपासून करता येईल. मॅनेजर काय म्हणाले आणि नमुना 9 वर कोणाचे नाव निघाले, ते मला जरूर कळवा.